कुंडीतील मांसल वनस्पती आणि खानदेशचे हवामान : छाटणीच्या प्रश्नाचा आढावा

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या शहरांतून, गच्चीवर, सज्जात आणि खिडकीच्या कट्ट्यावर, कुंडीतल्या मांसल वनस्पतींची, म्हणजे रोपवाटिकांतून आता सक्युलंट या नावाने विकल्या जाणाऱ्या झाडांची, जी वस्ती अलीकडे वाढली आहे, तिच्याबरोबर एक प्रश्न घरोघर उपस्थित झाला आहे, आणि तो असा की या झाडांना कात्री लावावी की लावू नये, लावायची तर केव्हा, आणि लावल्यानंतर त्यांचा सांभाळ कसा करावा. या प्रश्नाला मिळणारी उत्तरे परस्परविरोधी आहेत. एक पक्ष म्हणतो की ज्या झाडाने मरुभूमीत तगण्याचे शास्त्र आत्मसात केले आहे त्याला मनुष्याच्या हाताची गरज नाही. दुसरा पक्ष गुलाबाप्रमाणे यांचीही दरसाल दांडगी छाटणी करण्याचा आग्रह धरतो. दोन्ही पक्षांजवळ जगलेली आणि मेलेली झाडे पुराव्यादाखल असतात. माझ्या मते या वादाचा निकाल कात्रीच्या गुणदोषांवरून लागणारा नाही. तो हवामानाच्या तपशिलावरून लावावा लागतो, आणि खानदेशचे हवामान या विषयावरच्या बहुतेक ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढे कधीच नव्हते.

ही झाडे आपल्याकडे येतात कोठून, हे प्रथम ध्यानात घ्यावे. जेड म्हणून ओळखला जाणारा क्रॅसुला, हत्तीचे खाद्य म्हणून प्रसिद्ध असलेला पोर्टुलकारिया आणि लहानखुरी हॉवर्थिया ही दक्षिण आफ्रिकेची. गुलाबाच्या फुलासारखी पाने रचणारी एचेव्हेरिया मुख्यत्वे मेक्सिकोच्या उंच पठारांवरची. काट्यांच्या फांदीवर लाल फुले धरणारी युफोर्बिया मिली मादागास्करची. आणि फुगीर बुंध्याचे अडेनियम आफ्रिका व अरबस्तानच्या रुक्ष प्रदेशांतले. जन्मस्थानापासून आपल्या कुंडीपर्यंत येताना यांचा मुक्काम पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या रोपवाटिकांत तरी होतो किंवा त्याही आधी दार्जिलिंगच्या बाजूच्या कालिम्पोंगला होतो, जेथील निवडुंगांच्या रोपवाटिका सर्व देशात नावाजलेल्या आहेत. कालिम्पोंग समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. तेथल्या शीतल रात्रींत वाढलेले रोप जळगावच्या बाजारात येऊन चैत्राच्या तोंडाशी एखाद्या पश्चिमाभिमुख सज्जात ठेवले जाते, आणि त्याच्याबरोबर जी सूचना मिळते ती इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांतून उतरलेली असते: मार्च ते मे हा छाटणीचा काळ. ज्या देशांत हिवाळा हा मरणाचा ऋतू आणि मार्च हा पुनरुज्जीवनाचा, त्या देशांपुरती ही सूचना निर्दोष आहे.

खानदेशात वर्षाचा क्रम निराळा आहे. तापीच्या या खोऱ्याला उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांनी कोंडून धरले असल्यामुळे वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत आणि प्रसंगी त्याहूनही वर जातो, रात्रीदेखील उकाडा उतरत नाही, आणि सिमेंटच्या गच्च्या तर दिवसभर प्यालेली उष्णता पहाटेपर्यंत ओकीत राहतात. त्यामागून मृगाचा पाऊस येतो. तो एकंदरीत फार नसतो, जळगावकडे वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर आणि धुळ्याकडे त्याहून कमी. पण जो येतो तो चार महिन्यांत येतो, आणि त्या चार महिन्यांत हवा दमट, आभाळ झाकलेले आणि कुंडीतली माती दिवसेंदिवस ओली राहते. मग आश्विन-कार्तिकापासून माघापर्यंत स्वच्छ आकाश, मध्यम ऊन, कोरडी हवा आणि शीत रात्री यांचा एक दीर्घ, सौम्य कालखंड लाभतो, ज्यात क्वचित पारा १० अंशांच्या खाली उतरत असला तरी दहिवर गोठण्याची वेळ सहसा येत नाही. १९०६ साली खानदेशची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली, तिच्या दोन्ही बाजूंना या क्रमात फारसा भेद नाही. धुळ्याकडे पाऊस उणा असल्याने कुंड्या लवकर सुकतात, इतकाच काय तो फरक.

या कालखंडांपैकी कोणता झाडाच्या वाढीचा, हे ठरवण्यासाठी त्याच्या श्वसनव्यवहाराकडे वळावे लागते, आणि येथे एक असा पुरावा हाताशी आहे की जो आपल्याच परसातल्या पानफुटीने दिलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रास इलाख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने निरनिराळ्या प्रहरी चाखून पाहिली, तेव्हा त्यांना आढळले की सकाळी ती अंबुशीसारखी आंबट लागतात, दुपारपर्यंत बेचव होतात आणि संध्याकाळी किंचित कडवट. हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या वृत्तांतात छापले गेले. त्याचा अर्थ पुढील शास्त्रज्ञांनी उलगडला: ही झाडे दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेतात म्हणजे पाणी उडून जात नाही, रात्री ती उघडून हवेतला कर्बवायू आत घेतात, तो आम्लाच्या रूपाने साठवतात, आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्याच साठ्यातून अन्न बनवतात. रात्र जितकी थंड तितकी ही साठवण चांगली. आणि रात्र जर तापलेलीच राहिली, तर साठवण घटते व उलट साठलेले अन्नच खर्ची पडू लागते. वैशाखातल्या खानदेशात यांपैकी पुष्कळ झाडे म्हणूनच वाढत नाहीत. ती केवळ दम धरून असतात.

एवढे मान्य केले की छाटणीचे पंचांग आपोआप उलगडते. जखम भरून काढण्यास आणि नवे डोळे फोडण्यास झाडाजवळ शिल्लक लागते. ती शिल्लक खानदेशात कार्तिकापासून पौषापर्यंत जमत असते. आणि त्याच काळात हवा कोरडी असल्याने जखमेत बुरशी शिरण्याचे भय सर्वांत कमी असते. तेव्हा क्रॅसुला, पोर्टुलकारिया, एचेव्हेरिया, युफोर्बिया मिली, कलांचो यांच्या छाटणीचा हंगाम दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. चैत्र ते ज्येष्ठ हा मनाईचा काळ, कारण तेव्हा झाड थकलेले असते आणि फांद्या काढल्याने आजवर सावलीत असलेली आतली साल एकाएकी उन्हात उघडी पडून भाजते. आषाढ ते भाद्रपद हा तर त्याहून कडक मनाईचा. अपवाद फक्त कुजीचा: बुंधा मऊ पडून तपकिरी झाला असेल, तर तिथी न पाहता निरोगी, एकरंगी गाभा लागेपर्यंत कापीत जावे, कारण आत तपकिरी कडे उरले तर कुजीने आपला मुक्काम हलवलेला नसतो.

अडेनियमचा मामला स्वतंत्र आहे. ते उष्णतेचे खरे भुकेले झाड असून थंडीत ते पाने गाळून निजते आणि उन्हाळ्याची चाहूल लागताच जागे होते. म्हणून त्याची छाटणी माघाच्या उत्तरार्धात, होळीच्या आधी करावी, म्हणजे पुढची उष्णता त्याच्या नव्या धुमाऱ्यांच्या उपयोगी पडते. त्याला फुले नव्या फुटीच्या शेंड्यांवर येतात, तेव्हा एका लांबोळक्या फांदीच्या जागी तीन आखूड फांद्या उभ्या केल्या की फुलांचे घोस तिप्पट होतात, आणि या झाडाच्या बाबतीत दांडग्या छाटणीचा पक्ष निःसंशय खरा ठरतो. काप तिरका घ्यावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. याच वेळी ते कुंडीतून उपटून, खालची बारीक मुळे कापून, बुंधा पूर्वीपेक्षा दोन बोटे वर ठेवून पुन्हा लावण्याचा जो प्रघात आहे, तोही योग्य आहे. त्यामुळे मातीआड गेलेला फुगीर भाग दृष्टीस पडतो. मात्र याचा चीक विषारी आहे, आफ्रिकेत बाणांच्या टोकांना तो लावीत असत, हे मुलाबाळांच्या घरात विसरू नये.

आता कापायचे कशासाठी, याचा विचार. मला असे दिसते की आपल्याकडे होणाऱ्या छाटण्यांपैकी मोठा भाग हा मुळात प्रकाशाच्या तुटीवरचा उपाय असतो. उन्हाच्या भीतीने झाड घरात, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवले जाते. तेथे एचेव्हेरिया आपली घट्ट गुंफण सोडून मानेसारखा दांडा काढते, जेडची पेरे लांबतात, फांद्या आपल्याच भाराने वाकतात. आणि मग मालक कात्री घेतो. ही कात्री निरुपयोगी नाही, पण कापून पुन्हा त्याच कोपऱ्यात ठेवल्यास सहा महिन्यांत झाड पुन्हा त्याच दशेला येते. पूर्वेकडचा सज्जा, जेथे सकाळी दहापर्यंत ऊन येते आणि पुढे भिंतीची सावली पडते, ही खानदेशातली सर्वोत्तम जागा; गच्चीच असेल तर फाल्गुनापासून पावसापर्यंत निम्मे ऊन अडवणारी शेडनेट तिच्यावर बांधावी. छाटलेले झाड पूर्ववत उन्हात नेताना दहा-पंधरा दिवसांची मुदत घेऊन टप्प्याटप्प्याने न्यावे.

जेडच्या खोडावर जुन्या पानांच्या खुणांची जी कडी दिसतात तीच त्याची पेरे, आणि प्रत्येक पेराशी समोरासमोर दोन डोळे निद्रिस्त असतात. तेव्हा हव्या त्या कड्याच्या किंचित वर काप घेतला की वरचे बोटभर खुंट स्वतःच वाळून गळते आणि दोन फांद्या निघतात. एका हंगामात एक तृतीयांशाहून अधिक झाड उतरवू नये, असा माझा शिरस्ता आहे. पोर्टुलकारिया याहून सोशिक. दक्षिण आफ्रिकेत हत्ती त्याच्या फांद्या ओरबाडतात, आणि खाली पडलेल्या तुकड्यांना जमिनीवर मुळे फुटून झाड पसरते. ज्याच्या जातीने हत्तीची छाटणी सोसली त्याला आपली कात्री जड नाही, आणि वामनवृक्ष करू इच्छिणाऱ्या नवशिक्याने आरंभ याच्यापासून करावा. लांबलेल्या एचेव्हेरियाचे शिर दोन-तीन सेंटिमीटर दांड्यासह उतरवून वेगळे लावता येते आणि मागे राहिलेल्या खुंटालाही पिल्ले फुटतात.

याउलट काही झाडे अशी आहेत की ज्यांच्याबाबत हात न लावणाऱ्यांचाच पक्ष खरा. कोरफड, घायपात, हॉवर्थिया यांची वाढ मध्यातून होते, त्यांना फांद्या नाहीत. तेथे तळची वाळलेली पाने काढणे, पिल्ले वेगळी करणे आणि सुकलेला फुलोऱ्याचा दांडा कापणे, एवढ्यातच छाटणी संपते. पानाचे जळके टोक कात्रीने गोल करण्याची काहींना सवय असते. तो कापलेला भाग पुन्हा भरून येत नाही आणि नवा डाग धरतो. सान्सेव्हिएरियाचे खराब पान असेल तर ते मातीलगत समूळ काढावे. पिवळ्या कडांच्या जातीची वाढ करण्यासाठी पानांचे तुकडे लावू नयेत, कारण त्यांतून येणारी रोपे साधी हिरवी निघतात; तेथे गड्डाच विभागावा लागतो.

कापण्याची रीत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. सिकेटर किंवा चाकू धारदार असावा आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावा. निवडुंग कुळातल्या नव्हे पण युफोर्बिया वंशातल्या सर्व झाडांना, म्हणजे शेतांच्या बांधावर दिसणाऱ्या शेरालाही, पांढरा चीक असतो. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवेच, आणि चीक वाहू लागल्यास कापावर पाणी शिंपडावे म्हणजे तो थांबतो. जखमेला गंधकाची भुकटी किंवा स्वच्छ राख पुरते. गंधक कृषी सेवा केंद्रात कोठेही मिळते, परंतु कडक उन्हाच्या दिवसांत ते पानांवर धुरळू नये, पाने भाजतात. लावण्यासाठी काढलेला तुकडा सावलीत, कोरड्या जागी, बारीक असल्यास चार-पाच दिवस आणि जाड असल्यास दोन आठवड्यांपर्यंत पडू द्यावा, म्हणजे कापावर खपली धरते. पाण्याची घाई न करणे हा या सर्व विद्येचा कठीण भाग आहे: मातृवृक्षालाही कापल्यानंतर आठवडाभर पाणी देऊ नये.

येथवरच्या सर्व काळजीवर पाणी फिरवणारी एक वस्तू खानदेशात विपुल आहे, आणि ती म्हणजे आपली काळी माती. कापसाला आणि केळीला जिने वैभव दिले ती ही माती फुगणाऱ्या चिकणमातीची बनलेली असल्याने ओली झाली की पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळून मुळे तोडते. शेताच्या खोलीत जो गुण तो वीतभर कुंडीत दोष ठरतो. तेव्हा कुंडीतल्या मिश्रणात मातीचा व कुजलेल्या खताचा मिळून एक तृतीयांशापेक्षा अधिक अंश नसावा, बाकी सर्व जाड, खरखरीत, पाणी न धरणारा पदार्थ असावा. पुष्कळ जण यासाठी गिरणेची रेती सुचवतात. गिरणेचे आणि तापीचे पात्र वाळूच्या उपशाने आधीच खरवडले गेले आहे. आपल्या दहा कुंड्यांसाठी त्यात भर घालणे मला योग्य वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही. भट्टीवर टाकाऊ म्हणून पडलेल्या भाजक्या विटांचा चुरा, चाळून बारीक धूळ काढलेला, रेतीपेक्षा सरस काम देतो, कारण तो निचरा करतो आणि थोडी ओल पोटातही राखतो. रोपवाटिकेतून नारळाच्या भुश्शात आलेले रोप पहिल्या कार्तिकातच त्यातून सोडवावे; तो भुस्सा पावसात भिजून राहतो आणि उन्हाळ्यात असा सुकतो की वरून घातलेले पाणी कडेने निथळून जाते. कुंडी मातीची बरी. काळे प्लॅस्टिक गच्चीवर इतके तापते की मुळे शिजतात. ते टाळता येत नसेल तर ती कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी. कोणतीही कुंडी विटांवर उचललेली असावी आणि उन्हाळ्यात गच्चीला चुना मारावा, जी आपल्याकडची जुनी आणि शहाणपणाची पद्धत आहे.

पाण्याविषयी खानदेशच्या बागाईतदाराला नवे शिकवण्यासारखे काही नाही, फक्त त्याने आपली विद्या येथे आठवली पाहिजे. लिंबाचा किंवा डाळिंबाचा बहार धरताना तो झाडाला ताण देतो, म्हणजे ठरावीक काळ पाणी तोडून त्यास विश्रांती घ्यायला लावतो आणि मग पाणी सोडून फुटवा काढतो. मांसल वनस्पतींना असा ताण वर्षातून एकदा नव्हे, प्रत्येक दोन पाण्यांमध्ये हवा असतो. कुंडी तळापर्यंत सुकावी, पान किंचित मऊ पडावे, मग भरपूर पाणी द्यावे, आणि पुन्हा थांबावे. म्हणूनच ज्या जळगावाने ठिबक सिंचनाला देशभर नाव मिळवून दिले तेथेच मला हे सांगावेसे वाटते की गच्चीवरच्या फुलझाडांच्या ठिबकाची नळी या कुंड्यांना जोडू नये. रोजचे थेंबभर पाणी यांना पुराहून घातक आहे. उन्हाळ्यात पाणी सूर्यास्तानंतर आणि तेही बेताने. वाढ थांबलेली असल्याने तहान आपण समजतो तितकी नसते. पावसाळ्यात कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली, पण वारा खेळेल अशा जागी हलवाव्यात. झाडे दगावण्याचा दोष लोक वैशाखाला देतात. माझ्या पाहण्यात बहुतेक झाडे श्रावणात जातात.

किडींपैकी पिठ्या ढेकूण ही मुख्य, आणि कपाशीवर ती पाहिलेल्या शेतकऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. ती पानांच्या बेचक्यांत आणि, जे लक्षात येत नाही, मुळांवरही असते. कुंडी बदलताना मुळांवर पांढरी बुरी दिसली तर मुळे धुवून, कापून, आठवडाभर सुकवून लावावीत. स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने ढेकूण टिपून काढणे हा घरगुती प्रमाणात सर्वांत निर्धोक उपाय. निंबोळी तेल उपयोगी खरे, पण एचेव्हेरियाच्या पानांवरचा पांढरा लेप, जो तिचे उन्हापासून रक्षण करतो, तेलाने पुसला जातो.

छाटलेल्या तुकड्यांचे काय करावे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि तो विचारला पाहिजे. फड्या निवडुंगाचा इतिहास येथे बोलका आहे. अमेरिका खंडातले हे झाड आपल्या देशात इतके पसरले की गावांची गायराने त्याने व्यापली. १७९५ मध्ये किरमिजी रंग देणारे किडे ब्राझीलहून कलकत्त्यास आणले गेले, ते रंगासाठी हलक्या जातीचे निघाले पण त्यांनी निवडुंगाची एक जात फस्त केली. आणि उरलेल्या जातींसाठी १९२६ च्या सुमारास दुसऱ्या जातीचे किडे आणवावे लागले. दुष्काळात काटे जाळून हेच निवडुंग गुरांना चारण्याचे प्रयोग महाराष्ट्रात झाले, हे त्याच्या पक्षाने नोंदवावे. परंतु ज्याचे एक पान पडले तरी रान होते, त्याचे तुकडे, आणि पानांच्या कडांवर शेकडो पिल्ले धरणाऱ्या मादागास्करच्या कलांचोंचे तुकडे, नाल्यात किंवा उघड्या पडीत जमिनीवर टाकणे हा अपराध समजावा. ते उन्हात पुरते वाळवून मगच खतात घालावेत.

राहता राहिला निवडीचा प्रश्न. पंचकुला येथे १९८७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय कॅक्टस व सक्युलंट उद्यान किंवा आपल्याला हवामानाने जवळची अशी रतलामनजीक सैलानाच्या राजवाड्यातली निवडुंगांची बाग, यांवरून दिसते की उत्तरेच्या आणि माळव्याच्या उन्हाळ्यातही या झाडांचा मोठा परिवार नांदवता येतो; पण तेथे नांदणारी बहुसंख्य झाडे निवडुंग, घायपात, युफोर्बिया या कणखर घराण्यांतली आहेत. नाजूक एचेव्हेरिया आणि लिथॉप्स यांचा हव्यास जळगावकराने बेताने करावा. त्याऐवजी ज्यांची आठवण आपल्याला क्वचित होते अशी काही झाडे महाराष्ट्राच्या खडकांवर स्वतःची आहेत. माकडशिंग हे त्यांतले एक, माळरानावरच्या झुडुपांच्या आडोशाने उभे राहणारे, चौधारी, पर्णहीन, आणि ग्रामीण भागात भाजी म्हणून खाल्ले जाणारे. दुसरी शिंदळमाकुडी, जी शिवनेरीच्या परिसरात प्रथम नोंदली गेली, वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून जिला फ्रेरिया हे शास्त्रीय नाव मिळाले. सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांपुरती ती उरली आहे, परंतु कुंडीत ती विनातक्रार वाढते आणि तिचा बोटभर तुकडा सुकवून लावला तर सहज मुळे धरतो. पावसाच्या आरंभी तिला पाने फुटतात, भाद्रपद-आश्विनात लालसर, पिवळ्या ठिपक्यांची तारकाकृती फुले येतात, आणि उन्हाळ्यात ती सर्व पाने गाळून नुसत्या काड्यांच्या रूपाने पडून राहते. त्या अवस्थेत तिला मेलेली समजून फेकू नये, महिन्यातून एखादे वेळी थोडे पाणी द्यावे आणि मृगाची वाट पाहावी. तिची छाटणी म्हणजे कुंडीबाहेर लोंबणारे शेंडे फुलोरा संपल्यावर आखूड करणे, आणि तेच शेंडे ओळखीच्यांना वाटणे. रानातून ती कधीही उपटून आणू नये. कलमांपासून वाढवलेली रोपे जेथे मिळतात तेथूनच ती घ्यावी.